सुरतेचा स्थानिक कलावंत कोण?

येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जी जर झळकते, ती बहुतेक वेळा सुरतेहून आलेली असते. लग्नघरात आहेरासाठी गठ्ठ्याने घेतल्या जाणाऱ्या साड्याही मोठ्या प्रमाणात सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटमधून निघालेल्या असतात. त्या प्रत्येक साडीवर कुणीतरी वेल काढलेली असते, बुट्टी बसवलेली असते, काठ आणि पदर यांचा मेळ घातलेला असतो. देशभरातल्या असंख्य बायका ज्यांची चित्रे अंगावर लेवून वावरतात, ती माणसे सुरतेत राहतात आणि त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नसते. घाऊक व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये साडीला डिझाइन नंबर असतो, कंपनीचे नाव असते, मॉडेलचा फोटो असतो. चित्र काढणाऱ्याचा उल्लेख कुठेच नसतो. सुरतेत शनिवार-रविवारचा समकालीन कलामहोत्सव भरवायचा आणि त्यात स्थानिक कलावंतांचा गौरव करायचा असेल, तर सुरुवात या बिननावाच्या माणसांपासून झाली पाहिजे. वीर नर्मद विद्यापीठाच्या ललित कला विभागातून शिकून बाहेर पडणारे, सायन्स सेंटरच्या कलादालनात प्रदर्शने मांडणारे चित्रकार त्यात असतीलच, असायलाच हवेत. पण केवळ त्यांच्यावर थांबणारा महोत्सव सुरतेचा होणार नाही; तो कुठल्याही शहरात भरवता येईल.

हे म्हणताना मुंबईचा काळा घोडा महोत्सव डोळ्यांसमोर आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक शहरी कलामहोत्सवांनी त्याचाच कित्ता गिरवला. काळा घोडा असोसिएशन 1998 मध्ये स्थापन झाली आणि 1999 मध्ये पहिला महोत्सव झाला. त्यामागचा हेतू लक्षात घेण्यासारखा आहे. त्या परिसरातल्या जुन्या वास्तू जपायच्या, त्यासाठी लोकांना तिथे आणायचे आणि पैसा उभा करायचा, असा तो विचार होता. परिसराकडे स्वतःचे भांडवल होतेच. 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, तिच्या बाहेर फुटपाथवर चित्रे मांडून बसणारे चित्रकार, शेजारी वस्तुसंग्रहालय, जवळच आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय हे सगळे हाकेच्या अंतरावर. महोत्सवाने नवे काही आणून ठेवले नाही, जे होते ते रस्त्यावर आणले आणि फुकट पाहू दिले. पुढे इतर शहरांनी जे उचलले ते त्याचे बाहेरचे रूप: भलीमोठी मांडणशिल्पे, एक रंगमंच, खाण्याचे स्टॉल, फोटो काढायच्या जागा. आतला हिशेब मात्र राहून गेला. काळा घोडा परिसराकडे कलादालने होती म्हणून तिथे कलादालनांचा उत्सव उभा राहिला. सुरतेकडे कारखाने आहेत, माग आहेत, छपाईची टेबले आहेत. तिथला उत्सव तिथूनच उगवला पाहिजे.

जरीचेच बघा. अस्सल जरीची जुनी रीत अशी की चांदीची कांब तापवून, ठोकून, एकाहून एक बारीक छिद्रांच्या पट्ट्यांतून ओढत ओढत तिची केसासारखी तार करायची. मग ती तार रुळांखाली चपटी करायची, तिला बादला म्हणतात. हा बादला रेशमाच्या धाग्याभोवती असा गुंडाळायचा की आतला धागा कुठेही दिसता कामा नये. मग तयार होतो तो कसब. त्यावर सोन्याचे पाणी चढते. आज अस्सल जर कमी झाली आहे. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली जर आणि प्लॅस्टिकच्या चमकत्या पट्टीपासून कातरलेली जर, यांचाच बाजार मोठा आहे. तरीही तार किती ओढायची, तुटायच्या आधी कुठे थांबायचे, हे ज्ञान अजून बोटांतच असते. सुरतेची दुसरी खासियत सादेली. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या, हाडाच्या, धातूच्या बारीक काड्या भौमितिक नक्षीत जुळवून त्यांची मोळी बांधायची, ती चिकटवायची आणि मग आडवी कापत जायचे. प्रत्येक पातळ कापावर तीच नक्षी उमटते. तो काप पेटीवर, डब्यावर, चौकटीवर बसवायचा. या पेट्यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांत जागा मिळवली आणि तिकडे त्या मुंबईच्या नावाने ओळखल्या गेल्या. सुरतेच्या हाताला दुसऱ्याचे नाव लागणे ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

सादेली आणि जर यांना निदान वारसा म्हणून थोडा मान मिळतो. साडीचे डिझाइन काढणाऱ्याला तेवढाही मिळत नाही, आणि माझ्या मते सुरतेतला सर्वांत समकालीन चित्रकार तोच आहे. त्याचे काम जवळून पाहिले तर त्यातले कसब कळते. साडीवरची नक्षी एकदाच काढायची नसते, ती मीटरमागून मीटर फिरून येणार असते. म्हणून चौकोनाची डावी कड उजव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला अशी जुळावी लागते की सांधा डोळ्याला सापडू नये. याला धंद्यात रिपीट म्हणतात. छपाई स्क्रीनवर व्हायची असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून रंग मोजून वापरायचे. एक रंग कमी केला तर खर्च वाचतो, पण फूल मेल्यासारखे दिसता कामा नये. मग त्याच चित्राची सहा किंवा आठ ‘मॅचिंग’ करायची, म्हणजे तेच डिझाइन वेगवेगळ्या रंगसंगतींत उभे राहिले पाहिजे. निऱ्यांत काय दिसेल, खांद्यावर काय येईल, पदर पसरला की नजर कुठे थांबेल, याचा अंदाज सपाट पडद्याकडे बघत बांधायचा. चित्रकलेच्या महाविद्यालयात रंग, रेषा, अवकाश म्हणून जे शिकवतात, ते सगळे यात आहे. शिवाय उद्या सकाळपर्यंत द्यायचे आहे ही अटही आहे.

कायदाही या माणसाच्या बाजूने फारसा नाही. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, हे कॉपीराइट कायद्यात स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार, ज्याची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकली असती पण केलेली नाही, अशा चित्राच्या यंत्राने पन्नासपेक्षा जास्त प्रती निघाल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास साड्या म्हणजे सुरतेत एका गठ्ठ्याचा माल. पण याच कायद्याचे सत्तावन्नावे कलम दुसरी एक गोष्ट सांगते: मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ‘हे मी केले आहे’ असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क वेगळा आणि स्वतंत्र असतो. बाजारात हा हक्क कुणी मागत नाही, कारण मागणाऱ्याला उद्याचे काम हवे असते. महोत्सव नेमके एवढे करू शकतो. तो मजुरी वाढवू शकत नाही, मालकी बदलू शकत नाही, पण भिंतीवर चित्र टांगून खाली नाव लिहू शकतो.

आता पहिला आक्षेप: हे कारागीर आणि डिझाइनर झाले, समकालीन कलावंत कुठे? त्याचे उत्तर सुरतेच्या आसपासच आहे. चित्रकार हकू शाह 1934 मध्ये तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या वालोडला जन्मले आणि बडोद्याला शिकले. कुंभार, भरतकाम करणाऱ्या बायका, आदिवासी मूर्तिकार यांच्या वस्तू कलेच्या दालनात मानाने कशा मांडायच्या, हे त्यांनी आयुष्यभर दाखवून दिले. 1968 मध्ये कला-इतिहासकार स्टेला क्रॅमरिश यांच्याबरोबर त्यांनी फिलाडेल्फियात उभे केलेले ‘अननोन इंडिया’ हे प्रदर्शन त्याचीच साक्ष आहे. बडोद्याच्या ज्या कला विभागात आपले ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवत होते, तिथेच 1960 च्या दशकात फाइन आर्ट्स फेअर सुरू झाली. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार तिथे विद्यार्थ्यांबरोबर बसून लाकडाची, मण्यांची खेळणी करत आणि ती साध्या किमतीला विकली जात. त्यामुळे त्यांच्या चित्रांची किंमत कमी झाली नाही. आणि मुंबई-सुरत रेल्वेमार्गावरच्या डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे? वारली चित्रे पिढ्यान्‌पिढ्या बायका लग्नाच्या चौकासाठी काढत आल्या. त्यांना कुणी नाव विचारले नाही. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद आणि रंग पुरवले, मशे रोजच्या आयुष्याची चित्रे काढू लागले आणि जगाला एक नाव मिळाले; 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकाराला नाव असणे आणि त्याने स्वतःच्या मनाचे चित्र काढणे, या दोन गोष्टी तिथे बरोबरच घडल्या. म्हणून महोत्सवाने डिझाइनरचे दुकानातले काम आणून टांगावे एवढे पुरेसे नाही. त्याला चार-सहा महिने आधी बोलवावे, मानधन द्यावे आणि गिऱ्हाइकाची अट नसलेले सहा वार कापड त्याच्यापुढे ठेवावे. त्यातून जे येईल ते पारखून घ्यावे. सगळे चांगले असेल असे नाही. जे कच्चे असेल ते नाकारण्याचा अधिकार निवड करणाऱ्यांना हवाच, नाहीतर ‘स्थानिक’ या शब्दाखाली कामचलाऊपणा खपवला जातो, आणि तो स्थानिक कलावंताचाच अपमान असतो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. यातले बरेच जण सुरतेचे नाहीत, असे म्हटले जाईल. कुणी खानदेशातून आले, कुणी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून, कुणी उत्तर प्रदेशातून, तर कुणी आंध्र-तेलंगणातून. 2011 च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या 44 लाखांच्या वर होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास. एकट्याने येऊन राबणाऱ्या पुरुषांचे शहर कसे असते, ते या एका आकड्यात दिसते. महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. ज्या पालिकेने मुलांना सात भाषांत शिकवायचे ठरवले, तिने ही मुले आपली आहेत हे मान्यच केले आहे. शिवाय सुरत ज्यांचा अभिमान बाळगते त्या कलाही बाहेरूनच आल्या. तनछोई हे रेशमी विणकाम एकोणिसाव्या शतकात चीनला जाऊन शिकून आलेल्या तिघा पारशी विणकरांनी सुरतेत रुजवले असे सांगतात. सादेलीचे धागे इराणपर्यंत जातात. बंदराच्या शहरात डच, आर्मेनियन, इंग्रज, बोहरा, पारशी सगळे येऊन राहिले, त्यांनी घरे बांधली, आणि डच, आर्मेनियन, इंग्रजांच्या कबरी आज शहराचा वारसा म्हणून दाखवल्या जातात. चारशे वर्षांपूर्वी आलेल्याला वारसा म्हणायचे आणि चाळीस वर्षांपूर्वी आलेल्याला परका, हा न्याय टिकणारा नाही. केरळमध्ये 2021 साली अलप्पुळाच्या काथ्याच्या गोदामांत ‘लोकमे तरवाडु’ हे मोठे प्रदर्शन झाले. चित्रकार बोस कृष्णमाचारींनी त्यात जगभर पसरलेले मल्याळी मुळाचे 267 कलावंत एकत्र आणले. मुळाच्या नात्याने बांधलेले ते उत्तम काम होते, आणि घर सोडून गेलेल्यांच्या राज्याला ते शोभलेही. सुरत हे माणसे येऊन वसण्याचे शहर आहे. इथे जन्मगाव विचारू नये, काम कुठे करता एवढेच विचारावे.

मराठी वाचकाला यात आपलेही काही दिसावे. सुरतेला पोचणारी तापी खानदेशातून येते आणि भुसावळ-सुरत रेल्वेही. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत अहिराणी ऐकू येते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई बसते. चौरंगावर नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवीचा मुखवटा सजवतात, केळीच्या खांबांचा मखर उभारतात, गव्हाच्या पिठाचे रोट होतात, रात्रभर बायकांची गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. दोन दिवस, पूर्ण वस्ती, बायका पुढे आणि देवीचे रूप दरवर्षी नव्याने घडवायचे, हे सगळे त्यात आहे. कानबाई ही श्रद्धा आहे, तिला उचलून महोत्सवाच्या मंचावर ठेवावे असे मी म्हणणार नाही. ते अनादराचे होईल. पण ती नथ, तो मखर, ती गाणी रचणाऱ्या बायका कलावंत आहेत की नाहीत, हा प्रश्न निवड करणाऱ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. त्यांतल्या कुणाला गाण्याव्यतिरिक्त, पूजेव्यतिरिक्त काही करून दाखवायचे असेल तर तिला निमंत्रण पोचायला हवे, आणि ते तिच्या भाषेत असायला हवे.

मग वेळेचा प्रश्न येतो, आणि इथे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. शनिवार-रविवार ही सुट्टी कुणाची? मागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात, मजुरी मीटरवर असते, आणि ज्या दिवशी हात थांबतो त्या दिवशी पैसा थांबतो. अशा माणसाला सांस्कृतिक कार्यक्रमाची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ अशी देणे म्हणजे त्याला येऊ नका म्हणणे आहे. उपाय अवघड नाही, फक्त आधी ठरवावा लागतो. एक भाग जुन्या शहरात असावा. सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला महापालिकेने डागडुजी करून लोकांसाठी खुला केला आहे, शेजारी रंगउपवनचा खुला रंगमंच आहे. दुसरा भाग लिंबायत-उधन्याच्या पालिका शाळांत असावा आणि पाळी बदलते त्या वेळी, सकाळी लवकर आणि रात्री उशिरा, दारे उघडी असावीत. मुंबईत 2017 मध्ये ससून गोदीत स्ट्रीट-आर्टचा प्रकल्प झाला, तेव्हा मासळीचा बाजार आणि कलेचे प्रेक्षक एका जागी आले. गोदीत राबणाऱ्यांचे मोठाले फोटो त्यांच्याच भिंतींवर चढले. प्रेक्षक कामगारांच्या जागी गेले, हे त्यातले बरे. सुरतेत त्यापुढे जाऊन कामगाराला फोटोतला चेहरा न ठेवता चित्र काढणारा म्हणून बोलवता येईल. आणि तारीख दिवाळीच्या जवळ नको. तेव्हा हिऱ्याचे कारखाने बंद होतात, माग थंडावतात आणि निम्मे शहर गावी जाते.

राहिला पैसा. सुरतेत पैसा आहे हे सांगायला नको, पण कापड व्यापारी यात का पडतील? त्यांची भीती खरी आहे. आज बाजारात आलेले डिझाइन उद्या दुसऱ्याच्या टेबलावर छापले जाते. अशा बाजारात आपला चांगला डिझाइनर नावानिशी जाहीर करणे म्हणजे त्याला शेजाऱ्याच्या हवाली करणे, असे त्यांना वाटेल. यावर तोड अशी की प्रदर्शनात चालू मोसमाचा माल ठेवूच नये. ज्यांचा मोसम संपला आहे, ज्या साड्या विकून झाल्या, त्याच मांडाव्यात. कॉपीचा धोका संपलेला असतो. सुरतेच्याच उद्योजक घराण्यातल्या प्रफुल्ल आणि शिल्पा शहा यांनी उभारलेला ‘तापी’ हा जुन्या कापडांचा संग्रह आज संग्रहालयांत मानाने पाहिला जातो. त्यातली कित्येक वस्त्रे शतकांपूर्वीच्या अनामिक हातांची आहेत, आणि त्यांचे कर्ते आता शोधूनही सापडणार नाहीत. आजचा कर्ता मात्र उधन्याच्या एखाद्या खोलीत राहतो, त्याचा फोन लागतो, त्याला विचारले तर तो सांगेल की कोणत्या वर्षी कोणती वेल त्याने काढली. जुन्यासाठी जो आदर शहराने दाखवला, तो या माणसाला तो जिवंत असताना मिळावा, यासाठी थोडा खर्च करणे व्यापाऱ्यांना जड जाऊ नये.

दोन दिवसांनी मांडव उतरला की काय उरणार, त्यापेक्षा तेवढ्या पैशात कायमचे कलादालन किंवा कलाशाळेला शिष्यवृत्त्या का देऊ नयेत, असेही विचारले जाईल. शिष्यवृत्त्या द्याव्यातच. पण महोत्सव कायमचे काही ठेवून जाऊ शकत नाही, हे खरे नाही. काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळाचा मनोरा आणि मूळजी जेठा कारंजे पुन्हा उभे राहिले. उत्सवाची गर्दी ओसरल्यावरही ते तिथे आहेत. सुरतेत दगडी कारंज्यांची तेवढी निकड नाही, नोंदीची आहे. महोत्सवात येणाऱ्या प्रत्येक डिझाइनरचे, जरीच्या आणि सादेलीच्या कारागिराचे नाव, तो कुठून आला, कुणाकडे शिकला, कोणकोणत्या नक्षी त्याने काढल्या, हे त्याच्या तोंडून लिहून घ्यावे. नमुन्याचा एक तुकडा त्याच्या सहीसह पालिकेच्या संग्रहालयात जमा व्हावा. पुस्तिका गुजरातीबरोबर मराठी, ओडिया, तेलुगू आणि हिंदीत निघावी, म्हणजे ती त्याच्या घरच्यांना वाचता येईल. पहिल्या वर्षी अशा पन्नास जणांची नोंद झाली तरी चालेल. कायद्याने पन्नास प्रतींनंतर ज्याचे चित्र सोडून दिले, त्याच्या नावाची निदान एक प्रत शहराच्या दप्तरात राहील, आणि पुढच्या वर्षी निवड समिती बसेल तेव्हा तिच्यासमोर ती यादी असेल.